बधिर पायाची आग

ज्या पायातून चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही, तोच पाय रात्री आग आग होऊन झोपू देत नाही. साखरेचा त्रास नसलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. ‘दाजी, पाय बधिर झालाय म्हणता, मग दुखतंय काय तुमचं?’ असं माझ्या मेव्हण्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. साताऱ्यात पोवई नाक्यावर रिक्षातून उतरून मी रस्ता ओलांडायला लागलो, तर रिक्षावाला मागून ओरडला, ‘काका, चप्पल ऱ्हायली!’ एक पाय अनवाणी, मे महिन्यातलं डांबर, आणि मला त्याची गंधवार्ता नाही. त्याच रात्री त्याच तळपायावर साधी चादर टेकली तरी सहन होईना.

दिवसा हा त्रास मागं पडतो. भाजी आणायची असते, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो, वाटेत कोणी ना कोणी भेटतं. रात्री दिवा मालवला की सुरू. आधी अंगठ्याच्या टोकाशी मुंग्या, मग तळव्यात चटके, मधूनच अंगठ्यातून घोट्यापर्यंत सणसणत जाणारी एखादी कळ. मी पलंगावरून उतरतो, खुर्चीत बसून शहाबादी फरशीवर पाय टेकवतो. फरशी कोमट झाली की खुर्ची सरकवून शेजारची फरशी. सकाळी खुर्ची खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात सापडते त्यावरून घरच्यांना माझी रात्र कशी गेली ते कळतं. कोणी विचारत नाही, खुर्ची उचलून जागेवर ठेवतात.

माझी नोकरी टेलिफोन खात्यातली, आयुष्य केबलींमध्ये गेलं. म्हणून मेव्हण्याला मी माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. जमिनीखालच्या तांब्याच्या केबलीत पावसाचं पाणी शिरलं की लाइन पहिल्या झटक्यात मरत नाही. तारांच्या जोडीचं इन्सुलेशन उतरतं, ते मोजायचा मेगर लावला की रीडिंग पडलेलं दिसतं, आणि ग्राहकाची तक्रार येते, ‘पलीकडचा आवाज येत नाही, पण खरखर काही थांबत नाही.’ पलीकडून कोणी बोलत नसताना कानात जो आवाज येतो तो लाइनीनं स्वतःच पैदा केलेला असतो. माझ्या पायाचं असंच झालंय. स्पर्शाचा निरोप वर पोचत नाही, आणि कोणी न पाठवलेला दुखण्याचा निरोप मात्र रात्रभर पोचत राहतो. मेव्हण्याला लगेच पटलं. त्याच्याकडे बरीच वर्षं लँडलाइन होती.

सुरुवात अंगठ्याच्या टोकापासूनच का होते, यालाही कारण आहे. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू मीटरभर लांब असतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की या तंतूंना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तंतूंच्या आतलं ऊर्जेचं गणितही बिघडतं, आणि सगळ्यात लांबचं टोक सगळ्यात आधी वाळतं. म्हणून त्रास दोन्ही पायांत सारखाच सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर चढतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांची पाळी. शिवाय सगळे तंतू एका जातीचे नसतात. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाय नेमका कुठं टेकलाय हे कळवतात. बारीक तंतूंकडे वेदना आणि थंड-गरम ही खाती. जाड तंतू गेले की चप्पल निसटते. बारीक तंतू अर्धवट जखमी झाले की ते कारण नसताना आपलेआपण संदेश सोडायला लागतात. दोन्ही गोष्टी एकाच पायात, एकाच वेळी.

आपल्याकडच्या वैद्यांनी हे फार आधी टिपलं होतं. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणं दिली आहेत. तोंडाला गोडी येणं, लघवीकडे मुंग्या जमणं यांच्या जोडीला हातापायांची सुप्तता, म्हणजे बधिरपणा, आणि दाह तिथं एका ओळीत बसले आहेत. ते वाचून मला उगाच जुन्या ओळखीचं कोणी भेटल्याचा आनंद झाला. एरवी भेटायला माणसांची कमतरता नाही म्हणा. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि राज्यांमध्ये गोवा पहिला, शंभरात २६. माझी मोठी मुलगी फोंड्याला दिली आहे. हा आकडा मी जावयांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, ‘बाबा, तुम्ही सातारकरांनी कंदी पेढे खावेत आणि आम्हाला नावं ठेवावीत!’

पायाची तपासणी अगदी साधी असते आणि ती आपल्याकडे होत नाही, ही माझी तक्रार आहे. बुटासकट माणसाला खुर्चीत बसवून साखरेचा रिपोर्ट वाचला जातो, दोन गोळ्या बदलतात, पुढचा नंबर. माझे मोजे पहिल्यांदा ज्या डॉक्टरीणबाईंनी काढायला लावले त्यांनी एक नायलॉनचा जाड धागा घेतला. मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅम भारानं वाकतो. मी डोळे मिटायचे आणि टोचलं की ‘हो’ म्हणायचं. मी मोठ्या उत्साहानं ‘हो’ म्हणत होतो आणि बाई त्या वेळी धागा लावतच नव्हत्या, हे बायकोनं घरी येऊन सांगितलं. मग १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला. तो घुमतोय हे मला दिसत होतं, ऐकू येत होतं, पायाला कळत नव्हतं. बायोथेसिओमीटर नावाच्या यंत्रावर कंप किती व्होल्टला जाणवतो ते मोजतात. २५ च्या वर गेलं की पायाला जखमा होण्याचा धोका. माझा आकडा त्याच्या पुढे होता. व्होल्टमध्ये मोजलेलं शरीराचं काही पहिल्यांदाच पाहिलं, नोकरीतल्या माणसाला बरं वाटलं.

‘शुगर कंट्रोल करा, सगळं ठीक होईल.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे हे विसरायला होतं. लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहात साखर कसून ताब्यात ठेवली तर मज्जातंतूंचा आजार ६० टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी चाचणीनं १९९३ मध्ये दाखवून दिलं. आमच्यासारख्या उतारवयातल्या टाइप २ वाल्यांना तितका लाभ दिसत नाही, तरी काही बिघडायचं थांबतं. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ते खाली येतं, आणि घरात मांस-मच्छी नसेल तर आणखीच. त्याची कमतरता असेल तर तीही पायात अशाच मुंग्या आणते, आणि ती भरून काढता येते. हे सगळं मान्य. पण यातलं काहीच आज रात्री दीड वाजताच्या आगीचं उत्तर नाही. साखर नियंत्रणात ठेवणं हे उद्यासाठी आहे, आणि दुखणं आजचं. दुखण्यावर वेगळा इलाज मागितला की आपण पथ्य चुकवायला पळवाट शोधतोय असा चेहरा समोरचा माणूस करतो. माझं म्हणणं एवढंच की रात्रीची झोप हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि त्यासाठी पैसा-वेळ खर्च करण्यात काही लाज नाही.

गोळ्या आहेत. प्रेगाबालिननं माझी आग निम्मी झाली आणि मीही निम्मा झालो. दुपारी पेपर वाचता वाचता मान छातीवर, उठताना तोल जातोय, घोट्यांवर सूज. ड्युलोक्सेटिन देऊन पाहिलं तेव्हा औषधाच्या दुकानातला पोऱ्या आवाज खाली आणून म्हणाला, ‘काका, ही डिप्रेशनची गोळी आहे, माहितेय ना?’ माहीत होतं. तीच गोळी मज्जातंतूंच्या दुखण्यावरही चालते, जुनी अमिट्रिप्टिलिनही चालते. इंग्लंडमध्ये १३० रुग्णांवर या तीन औषधांची एकमेकांशी तुलना झाली, २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिन्हींचा गुण साधारण सारखा, आणि एकानं भागत नसेल तर दोन मिळून थोडं जास्त. म्हणजे कोणती घ्यायची हे बरंचसं कोणता त्रास सोसवतो यावर ठरतं. मी प्रेगाबालिनचा कमी डोस रात्रीपुरता ठेवला आणि उरलेल्या आगीसाठी दुसरं काही मिळतंय का ते पाहायला लागलो.

दुसरं काही घरातच होतं. आमची ही काशाच्या वाटीनं तळपाय घासते. तळव्याला तूप लावायचं, वाटी उलटी धरून टाचेपासून बोटांकडे, बोटांपासून टाचेकडे. तूप काळं पडायला लागलं की ‘बघा किती उष्णता निघाली’ असं म्हणायचं. काळं पडतं ते काशाच्या घासण्यानं, उष्णतेचा त्यात काही संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. ‘झोप लागते ना? मग गप पडा.’ झोप लागायची हे खरं. वाटी फिरत असेपर्यंत आग जवळपास नाहीशी व्हायची, आणि थांबल्यावर थोडा वेळ ती परत यायची नाही. तेवढ्या वेळात डोळा लागला तर लागला.

या वाटीनं काय होतं याचं बऱ्यापैकी उत्तर १९६५ सालचं आहे. रोनाल्ड मेलझॅक हा कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा इंग्रज शरीरशास्त्रज्ञ, या दोघांनी सायन्स मासिकात लेख लिहून सांगितलं की वेदना पायातून निघते आणि तशीच्या तशी मेंदूत जाते असं नाही. पाठीच्या कण्यात एक फाटक आहे. बारीक तंतूंवरून आलेली वेदना तिथून पुढं जाते. पण त्याच वेळी जाड तंतूंवरून स्पर्शाचे, घासण्याचे, दाबाचे संदेश भरपूर आले, तर ते फाटक बरंचसं लोटलं जातं. गुडघा आपटला की आपण तो न सांगता चोळतो, ते यामुळं. त्या सिद्धांताचे तपशील पुढं खूप बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. काशाची वाटी म्हणजे माझ्या उरल्यासुरल्या जाड तंतूंना कामाला लावण्याची युक्ती. मग हेच काम विजेनं का करू नये, हा प्रश्न त्या काळातल्या लोकांना पडलाच. १९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी डोळ्याखालच्या नसेत सुया घालून, त्यांतून वीज सोडून प्रयोग केला. कोणाच्या डोळ्याखाली? स्वतःच्या. त्याच वर्षी नॉर्मन शिली या अमेरिकन सर्जननं फुफ्फुसाच्या कॅन्सरनं तळमळणाऱ्या एका माणसाच्या पाठीत, मज्जारज्जूवर पहिलं विद्युत यंत्र बसवलं.

विजेचा उपाय तसा त्याहूनही जुना. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य पायाच्या गाउटवर जिवंत टॉर्पेडो मासा सांगायचा. हा विजेचा धक्का देणारा मासा. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत त्याच्यावर पाय ठेवून उभं राहायचं, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईपर्यंत. या कुळातले मासे आपल्या अरबी समुद्रातही आहेत, पण कोणी कोकणी आजीनं ते पायाखाली घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता माशाच्या जागी काय आलंय ते सांगतो. आमच्याकडे मध्यंतरी एका गाळ्यात फुकट थेरपीचं केंद्र निघालं. तुमच्याही गावात येऊन गेलं असेल. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, प्रत्येक खुर्चीपुढं वजनकाट्याएवढं यंत्र, त्यावर पावलांच्या आकाराच्या दोन रबरी जागा. नाव लिहायचं, टोकन घ्यायचं, मोजे काढून पाय ठेवायचे. पांढऱ्या कोटातला मुलगा बटण दाबतो, तळव्यात झिणझिण सुरू होते, मग पोटऱ्यांचे स्नायू आपोआप उडायला लागतात. ‘लेव्हल वाढवू का, काका?’ शेजारच्या आजी नऊवारीचा काठ पोटऱ्यांवर सावरत म्हणतात, ‘माझी दहावर ठेव बाळा.’ लेव्हल कोणाची जास्त यावरून एक मूक स्पर्धा चालते. मध्येच माइक फिरतो. कोणाची गुडघेदुखी गेली, कोणाचं बीपी उतरलं, कोणाची झोप सुधारली. प्रत्येक अनुभवाला टाळ्या. आठवड्या-दोन आठवड्यांनी यंत्राची किंमत सांगतात, आणि हप्त्यांची सोय.

मला त्या केंद्राचा राग नाही. सकाळच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना कोणी नावानं हाक मारून बसवतं, पाण्याचा ग्लास आणून देतं, हे काही थोडं नाही. पायालाही तिथं तात्पुरतं बरं वाटायचं, ते खोटं नव्हतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की रक्त फिरतं, झिणझिणीनं आग दबते. राग आला तो एका माणसाच्या बोलण्याचा. त्यानं माइकवर सांगितलं की यंत्र घेतल्यापासून त्यानं इन्सुलिन सोडलं, आणि पांढऱ्या कोटातल्या मुलानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मी उठून त्या मुलाला विचारलं, यानं साखर कशी उतरते? ‘नसा जिवंत होतात ना काका.’ नसा जिवंत होत नाहीत. दुखणं थोडं लोटलं जातं, तेवढंच. आणि ज्यांचे तळवे पुरते बधिर आहेत त्यांनी लेव्हल चढवत नेली तर कातडी भाजेल, ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय बसूच नये, हे तिथं एका शब्दानं कोणी बोललं नाही.

फिजिओथेरपीत मिळतं ते टेन्सचं यंत्र याच कुळातलं, पण शिस्तीतलं. मुठीत मावेल एवढी डबी, चार वायरी, टोकाला जेलचे चिकट पॅड. गंमत अशी की हे यंत्र मुळात चाळणी म्हणून वापरात आलं. पाठीत मोठं यंत्र बसवण्याआधी रुग्णाला विजेचा गुण येतो का ते त्वचेवरून तपासायचं. काही जणांना त्या तपासणीनंच इतकं बरं वाटलं की पुढचं ऑपरेशन कशाला, असं झालं. आमच्या फिजिओ मुलीनं पहिल्यांदा एक गोष्ट केली ती मला फार आवडली. तिनं माझ्या पायावर आधी कापूस आणि मग टोकदार काडी फिरवून, कुठपर्यंत कळतंय ते पेनानं रेघ मारून ठेवलं, आणि पॅड रेघेच्या वरच्या बाजूला लावले. ‘काका, जिथं कळत नाही तिथं वीज द्यायची नाही. भाजलं तरी तुम्ही सांगणार नाही मला.’ मग डायल हळूहळू फिरवली. छान झिणझिण वाटेल तिथं थांबायचं, टोचायला लागलं की मागं यायचं. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके, स्पर्शाच्या जाड तंतूंना जागवायला. हेच मेलझॅक-वॉलचं फाटक, हीच काशाची वाटी, फक्त हात न दुखवता.

गुण आला का? यंत्र चालू असेपर्यंत चांगला, बंद केल्यावर थोडा वेळ. रात्री झोपण्याआधी लावलं तर पहिली झोप लागते. मध्यरात्री जाग आली तर पुन्हा खुर्ची, पुन्हा फरशी, पण आधीपेक्षा कमी वेळा. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजीच्या अकादमीनं २०१० मध्ये टेन्सचे अभ्यास तपासले तेव्हा मधुमेही पायांच्या दुखण्यावर ते बहुधा उपयोगी आहे असा निवाडा दिला, आणि जुनाट कंबरदुखीवर उपयोग दिसत नाही असा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कंबरदुखीवाला प्रत्येक जण टेन्सखाली पडलेला असतो, आणि मधुमेह्याला ते कोणी सांगत नाही. अभ्यास लहान होते, त्यामुळे त्या निवाड्याला फार ताणू नये. पण यंत्र स्वस्त, धोका कमी, करून पाहायला काय हरकत आहे?

पुण्याच्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो ते पुढच्या पायरीसाठी. त्यांनी ड्रॉवरमधून नूडलएवढी बारीक एक वायर काढून माझ्या हातात दिली. टोकाकडे धातूचे आठ चकचकीत कडे. मी नोकरीच्या सवयीनं वायर नखानं चाचपली, वाकवून पाहिली, तर बाई हसल्या. ही वायर सुईतून पाठीत घालतात, कण्याच्या हाडाच्या आत पण मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर. आधी बॅटरी बाहेर कमरेच्या पट्ट्याला अडकवून काही दिवस चाचणी. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं तरच पुढं जायचं, नाही तर वायर ओढून काढायची आणि घरी. पुढं जायचं ठरलं तर बॅटरी कातडीखाली, कमरेच्या खालच्या बाजूला कायमची. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पायात झिणझिण जाणवते. सेकंदाला १०,००० ठोक्यांच्या नव्या यंत्रात काहीच जाणवत नाही, आणि ते नेमकं कसं काम करतं याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. झिणझिणीशिवाय गुण येतो म्हटल्यावर आमच्या वाटीचं स्पष्टीकरण तिथं लागू पडत नाही.

या १०,००० वाल्या यंत्राचा जो अभ्यास आहे, त्याचे आकडे पहिल्यांदा ऐकताना डोळे दिपतात. गोळ्यांनी गुण न आलेले २१६ रुग्ण. निम्म्यांना यंत्र आणि गोळ्या, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. तीन महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ७९ टक्क्यांचं दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त उतरलं, दुसऱ्या गटात फक्त ५ टक्क्यांचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे जामा न्यूरॉलॉजी या नियतकालिकात आलं, जुलैत अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रण खात्यानं, मधुमेही पायांसाठी त्या यंत्राला परवानगी दिली. बऱ्याच जणांच्या पायाची संवेदनाही सुधारली असं त्यात नोंदलंय, आणि माझं लक्ष सगळ्यांत जास्त तिथं अडकलं, कारण आग जाणं वेगळं आणि चप्पल कळायला लागणं वेगळं.

मग घरी येऊन नीट वाचलं. ज्यांना गोळ्या लागू पडत नव्हत्या त्यांनाच दुसऱ्या गटात पुन्हा गोळ्या दिल्या, तर ५ टक्के हा आकडा आश्चर्याचा नाही. कोणाच्या पाठीत यंत्र आहे हे रुग्णापासून लपवलेलं नव्हतं, खोट्या यंत्राशी तुलना नव्हती. पैसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. यानं अभ्यास खोटा ठरत नाही, पण ७९ हा आकडा पाठ करून निर्णय घेऊ नये इतकं कळतं. नेदरलँड्समधल्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या अभ्यासात, तो २०१४ चा, ३६ जणांपैकी एक जण दगावला. वायर घालताना आवरणाला छिद्र पडलं आणि नंतर डोक्यात रक्त साचलं. २१६ वाल्या अभ्यासात असं कोणी गेलं नाही, पण तिघांना जंतुसंसर्ग झाला आणि त्यातल्या दोघांची यंत्रं काढून टाकावी लागली. साखर चढी असलेल्या माणसाच्या अंगात परकी वस्तू ठेवायची तर ही भीती राहणारच. त्या अभ्यासातही एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, १० च्या आत असलेल्यांनाच घेतलं होतं. म्हणजे ‘शुगर कंट्रोल करा’ इथंही दारात उभं आहेच.

मी पुण्याच्या बाईंना सरळ विचारलं, हे बसवलं आणि आग गेली, तर पाय बरा झाला का? ‘नाही, काका. पाय तोच. उलट जास्त सांभाळावा लागेल, कारण आत्ता निदान दुखतंय म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघता.’ सरळ उत्तर देणारे डॉक्टर मला आवडतात. त्यांच्याच सांगण्यावरून आता रोज रात्री हातआरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतो. बोटांच्या बेचक्या मला वाकून दिसत नाहीत, त्या ही पाहते. बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, आत खडा असेल, मुलाच्या मुलीचं खेळण्याचं चाक असेल. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची नाही. सगळ्यांत अवघड देवळं. उन्हाळ्यात देवळाच्या काळ्या दगडी अंगणात दुपारी अनवाणी चाललेल्या मधुमेह्यांचे तळवे भाजून फोड येतात, आणि फोड फुटून मोज्याला डाग लागेपर्यंत कळत नाही. मी मोजे घालून दर्शनाला जातो. पुजाऱ्यानं एकदा नजर टाकली, मी ‘साखर’ म्हणालो, त्यानं आपला पाय पुढं करून दाखवला. अंगठा नव्हता. वारीला लोणंदपासून चांदोबाच्या लिंबाचं रिंगण पाहून पुढं तरडगावपर्यंत मी चालतो, ते जाड सोलच्या बुटांनी. दिंडीतले म्हणतात, ‘विठोबाला बूट चालतात का?’ मी म्हणतो, रिंगणात घोड्याला नाल चालते ना?

पाठीतल्या यंत्राचं मी अजून ठरवलेलं नाही. खर्च लाखांच्या घरात, तोही एक-दोन लाखांत आटोपणारा नव्हे, आणि विमा कंपनी पत्रावर पत्र मागतेय. सध्या टेन्स, रात्रीची गोळी आणि वाटी यांवर निभतंय. निभणं बंद झालं तर चाचणीपुरती वायर घालून पाहायला माझी तयारी आहे, असं बाईंना सांगून ठेवलंय. पुढच्या भेटीला विचारायचे प्रश्न वहीत लिहिले आहेत. पुढं कधी एमआरआय करावा लागला तर हे यंत्र चालतं का, की मॉडेलप्रमाणे बदलतं? साताऱ्यात कोणी त्याचं सेटिंग बदलून देईल, की दर वेळी पुणं? वायर सरकली तर? तिसऱ्या प्रश्नाखाली हिच्या अक्षरात चौथा आहे. बॅटरी कातडीवरून रोज चार्ज करायची म्हणता, मग आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते तेव्हा काय करायचं?